स्वयंसेवकांनी बांधलेली ९१२ किलोमीटरची वाट आणि आपली पन्हाळा–पावनखिंड

वारणाकाठ
४ ऑगस्ट, रात्री ९:१२

यंदाची पन्हाळा–पावनखिंड पायी मोहीम झाली. माझी अकरावी. मसाई पठार उतरून पुढं गेल्यावर एक चढण लागते. नेहमी जाणाऱ्यांना कुठली ते लगेच कळेल. पहिल्यांदा गेले तेव्हा दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील अशी गवतातली वाट होती. आता मधोमध कमरेएवढा चर पडलाय, त्यातनं लाल पाणी धावतंय, आणि माणसं चर टाळून दोन्ही अंगांच्या भाताच्या बांधावरनं चालतात. यंदा वाडीतल्या एका मावशींनी मला थांबवून विचारलं, "बाई, तुम्ही वर्षातनं एकदा येता, बांध आमचा मोडतोय. ह्याचं काय करणार?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन तीन आठवडे झाले तरी तो प्रश्न डोक्यातनं जात नाही, म्हणून हा धागा.

मागच्या वर्षी लेकीकडं अमेरिकेत डेन्व्हरला तीन महिने राहिले होते. तिच्या घरापासून जवळच वॉटर्टन कॅन्यन आहे, साउथ प्लॅट नदीची घळ. कोलोरॅडो ट्रेल ही डोंगरातली लांब पायवाट तिथं सुरू होते आणि कोलोरॅडो राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात डुरँगो गावाशी संपते. सुरुवातीला धरणाकडं जाणारा मातीचा रस्ताच आहे, रविवारी लोक पोराबाळांना सायकलीवर घेऊन येतात. घळीत मोठ्या वळलेल्या शिंगांच्या रानमेंढ्या आहेत, त्यामुळं कुत्रं न्यायला बंदी. हा रस्ता संपला की खरी पायवाट लागते. तिथं मला दहा-बारा माणसं दिसली, बरीचशी माझ्या वयाची, काही माझ्याहून थोर. डोक्यावर हेल्मेट, हातात टिकाव आणि फावडी, आणि वाटेच्या कडेची माती ओढून काढायचं काम चाललेलं.

मी थांबून बघत राहिले. एका आजोबांनी काही न बोलता आपल्या बाटलीतलं पाणी वाटेवर ओतलं. पाणी वाटेच्या लांबीनं धावलं नाही, आडवं गेलं आणि दरीकडच्या कडेवरनं खाली उतरलं. मग ते म्हणाले, आम्ही एवढंच करतो. वाट बाहेरच्या अंगाला किंचित उतरती ठेवायची. चालणाऱ्यांच्या पायांनी मधला भाग दबतो आणि कडेला मातीचा वरंबा साठतो. तो वरंबा काढला नाही की पाणी वाटेवरच अडकतं, वाटेनंच खाली धावतं, आणि दोन-चार वर्षांत वाटेचा ओढा होतो.

मला आपली ती चढणच आठवली.

परत आल्यावर त्या ट्रेलचा इतिहास मिळेल तेवढा वाचला. तो सांगते.

१९७३ साली तिथल्या वनखात्यातले वरिष्ठ अधिकारी बिल लुकस यांनी कल्पना मांडली, की डेन्व्हरपासून डुरँगोपर्यंत सलग एक वाट असावी. पायी माणूस, घोडेस्वार, सायकलवाला, सगळ्यांना चालणारी. सगळीच वाट नव्यानं खणायची नव्हती. डोंगरात जुन्या खाणींचे रस्ते होते, लाकूडतोडीच्या वाटा होत्या, जनावरांच्या वाटा होत्या. त्या एकमेकींना जोडायच्या आणि जिथं काहीच नाही तिथं नवी काढायची. समित्या झाल्या, नकाशे झाले, पहिल्या उत्साहात कामही झालं. मग जे होतं तेच झालं. पैसे आटले, माणसं पांगली. दशक संपता संपता काम जवळजवळ थंडावलं होतं.

ते ज्या बाईंनी सोडलं नाही त्यांचं नाव गुडी गॅस्किल. उंचनिंच बाई, चित्रं काढायच्या, डोंगर चढायच्या, घरी मुलं. १९१२ साली स्थापन झालेल्या कोलोरॅडो माउंटन क्लबच्या अध्यक्षपदी १९७७ साली त्या आल्या, तोवर एकही बाई तिथं अध्यक्ष झाली नव्हती. वाटेचं काम त्यांनी अंगावर घेतलं म्हणजे काय केलं, तर स्वयंसेवकांच्या याद्या ठेवल्या, पत्रं लिहिली, वाणसामान भरलं, ते गाडीतनं डोंगरात पोचवलं, आणि उन्हाळाभर एकेका आठवड्यासाठी येणाऱ्या टोळ्यांबरोबर स्वतः खणलं. हत्यारं आणि तांत्रिक सल्ला वनखात्याचा, हात स्वयंसेवकांचे. दुसऱ्या राज्यांतनं, परदेशांतनं लोक सुट्टी काढून यायचे आणि आठवडाभर तंबूत राहून माती उपसायचे.

१९८४ साली 'डेन्व्हर पोस्ट'च्या पुरवणीत एक लेख आला. मथळ्याचा अर्थ असा, की ही कुठंच न जाणारी वाट. दहा वर्षं झाली तरी तुकडे-तुकडेच आहेत, अशी टीका. मला वाटलं होतं बाई खचल्या असतील. झालं उलटंच. लेखामुळं विषय गव्हर्नर रिचर्ड लॅम यांच्यापर्यंत गेला. ते आणि त्यांच्या पत्नी स्वतः कामाच्या टोळीत आले आणि निधीसाठी त्यांनी आपल्या सरकारी निवासस्थानी लोकांना बोलावलं. पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांत कामाला असा वेग आला, की १९८७ साली शेवटचे तुकडे जुळले. देखभालीसाठी कोलोरॅडो ट्रेल फाउंडेशनही त्याच वर्षी उभं राहिलं. २०१२ साली ८० मैलांचा एक पश्चिमेकडचा फाटा जोडला गेला. आज सगळं मिळून ५६७ मैल, म्हणजे ९१२ किलोमीटर. कोल्हापुरातनं निघून नागपूरला पोचावं एवढी वाट. सगळ्यात उंच जागा १३,२७१ फुटांवर, कळसूबाईच्या जवळजवळ अडीचपट.

गुडीबाई २०१६ च्या जुलैमध्ये गेल्या. ८९ वर्षांच्या होत्या.

माझं म्हणणं एवढंच, की आपण वर्षातनं एकदा हजारोंनी त्या वाटेवर जातो, आणि वाटेसाठी वर्षातनं एकदा दहा जणही जात नाही. कुणी काही केलं असेल, करायचं मनात असेल, तर लिहा.

---

घाटमाथा_सायकल
४ ऑगस्ट, रात्री १०:४०

ताई, लय भारी लिहिलंय. एकाच वाटेवर घोडा, सायकल आणि माणूस हे जमतं कसं? आम्ही चौघं मसाई पठारावर सायकली घेऊन गेल्तो तर चालणाऱ्यांनी शिव्या घातल्या. आमचंही चुकलं असंल, उतारावर वेग होता.

---

वारणाकाठ
४ ऑगस्ट, रात्री ११:०५

भावा, तिथं नियम सोपा आहे आणि वाटेच्या तोंडालाच पाटीवर रंगवलेला असतो. सायकलवाल्यानं सगळ्यांना वाट द्यायची, चालणाऱ्यानं घोड्याला वाट द्यायची. घोडा बुजला तर वरचा माणूस दरीत जाईल, म्हणून घोड्याचा मान पहिला.

सायकल सगळीकडं चालते असंही नाही. वाटेवर सहा अभयारण्यासारखी राखीव रानं आहेत. १९६४ च्या तिथल्या कायद्यानं अशा रानात चाकाचं वाहन न्यायचं नाही, सायकलसुद्धा नाही. सायकलवाले तिथं वाट सोडून लांबच्या रस्त्यानं वळसा घालतात. डेन्व्हरकडनं गेलं की लॉस्ट क्रीकचं रान पहिलं लागतं आणि तिथला वळसा चांगलाच मोठा आहे. वळशासकट केलेली वाट पूर्णच धरतात. काही तुकड्यांवर मोटरसायकललाही परवानगी आहे, आणि त्यावरनं तिथंही वाद आहेतच.

आपल्याकडं मसाईवर सायकल न्यावी की नाही, मला विचारशील तर पावसाळ्यात आणि फुलांच्या दिवसांत नको. पातळ मातीवरनं चाक फिरलं की त्या रेघेत पाणी बसतं.

---

गडवाट
५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

तुमची तळमळ समजते. पण ही तुलनाच मला पटत नाही, आणि मनातलं स्पष्ट लिहितो.

कोलोरॅडोची वाट हौसेसाठी काढली. पन्हाळा ते विशाळगड ही वाट हौसेची नव्हे. जुलै १६६० च्या त्या रात्री सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज ह्या वाटेनं गेले. शिवा काशीद महाराजांच्या वेशात शत्रूच्या हाती गेला, मरण ठाऊक असताना. घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे उभे राहिले, म्हणून तिची पावनखिंड झाली. तिथं चिखल आहे, तर चिखलातनं जाऊ. महाराज काय फरसबंदीवरनं गेले होते काय? एकदा "सुविधा" हा शब्द आला की मागोमाग पेव्हर ब्लॉक येतात, मग रेलिंग, मग चहाची टपरी, मग ध्वनिक्षेपक. एका गडावर मी हे डोळ्यांनी बघितलंय. पावसात पेव्हर उखडले आणि त्याखालची मूळची दगडी पायरीही गेली.

वाट आहे तशी राहू द्या.

---

वारणाकाठ
५ ऑगस्ट, सकाळी ८:०२

दादा, पेव्हरबद्दल तुमच्या शब्दाशब्दाशी सहमत. फरसबंदी मला नकोच आहे. पण "आहे तशी" म्हणजे कशी? ती दरवर्षी बदलते आहे. महाराज गेले त्या वाटेवर कमरेएवढा चर नव्हता, तो आपल्या पायांनी पडलाय. आणि मावशींचा बांध मोडतोय त्याचं उत्तर आपण द्यायचं की नाही?

---

गडवाट
५ ऑगस्ट, सकाळी ८:३०

बांधाचं बरोबर आहे. त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

---

जांभा
५ ऑगस्ट, दुपारी १:१५

मी ३१ वर्षं पाण्याच्या कामांवर काढली, आता निवृत्त आहे. धागा वाचून राहवलं नाही. थोडं तांत्रिक आहे, पण उपयोगाचं आहे.

त्या आजोबांनी बाटली ओतून दाखवलं ते शंभर टक्के खरं. पाण्याला दोनच गोष्टी कळतात, उतार आणि वेग. वाट डोंगराच्या सरळ तोंडावर चढवली तर पाण्याला वाटेपेक्षा जवळचा मार्ग नसतो. त्यामुळं वाट बांधणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे. वाटेचा चढ हा डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. जास्त झाला की बाहेरची कड कितीही उतरती ठेवा, पाणी वाटेनंच जाणार. दुसरं म्हणजे चढाची वाट सलग चढती ठेवायची नाही. मधेमधे चार-पाच पावलं तिला थोडी खाली उतरवायची आणि पुन्हा चढवायची. ह्या खोलगट जागेवर पाणी आपोआप बाहेर पडतं, तिथं काही बांधावं लागत नाही. लाकडाचा किंवा दगडाचा आडवा बांध घालूनही पाणी काढता येतं, पण त्याच्या मागं गाळ साठतो आणि वर्षाला तो उपसला नाही तर पाणी बांधावरनं उडी मारतं. पायऱ्यांचं तेच. पायरीच्या मागची माती पाणी पोखरतं, पायरी पुढं कलते, आणि माणसं पायरी सोडून शेजारनं चालू लागतात.

आपल्या वाटेवर दोन वेगळ्या जमिनी आहेत, हे कुणी विसरू नये. मसाई पठारावर खाली जांभ्याचा सडा आहे आणि वर बोटभर माती. तिथं कुदळ लावायचीच नाही. त्या बोटभर मातीतच पावसाळ्यानंतरची सगळी फुलं आहेत. तिथं फक्त माणसांना एका ओळीत चालायला लावायचं, जमलं तर दगडांची रांग मांडून. खालच्या चढउतारांवर मात्र तांबडी, चिकट माती आहे. तिथं खणता येईल, पण पावसात नाही. ओल्या मातीवर काम केलं की ती बसत नाही. थोडी ओल असलेली पण चिखल नसलेली जमीन लागते, म्हणजे दिवाळीच्या आसपास.

सध्याचा चर बुजवायला मात्र कुणी धावू नका. आणलेली सैल माती पहिल्या पावसात खाली जाईल. आधी वरच्या बाजूला पाणी वळवायचं. चरात ठिकठिकाणी दगडांचे छोटे बांध घालायचे, मग तो गाळानं आपोआप भरत येतो. त्याला तीन-चार पावसाळे लागतात.

---

खडू_फळा
५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५०

ह्यावरून ॲरिझोना ट्रेलची गोष्ट आठवली. तीही माणूस, घोडा, सायकल तिघांची वाट आहे, मेक्सिकोच्या सीमेपासून युटा राज्याच्या सीमेपर्यंत सुमारे ८०० मैल. ती डेल श्यूवॉल्टर नावाच्या एका शिक्षकाच्या डोक्यातनं निघाली. फ्लॅगस्टाफ गावचे. १९८५ साली ते दक्षिणेच्या नोगालेसपासून उत्तरेपर्यंत एकटे चालत गेले, अशी वाट होऊ शकते का ते बघायला. नंतर स्लाइड दाखवत गावोगाव फिरले. २००९ साली तिला राष्ट्रीय दर्जा मिळाला, ते श्यूवॉल्टर यांनी बघितलं. २०१० च्या जानेवारीत ते वारले. शेवटचा तुकडा २०११ च्या डिसेंबरात पुरा झाला.

मी पन्हाळा तालुक्यात शिकवतो. आठवी-नववीच्या पोरांना श्रमदान नवीन नाही, शाळेचं मैदान तीच सारखं करतात. पालकांची परवानगी आणि एक जीप एवढी सोय झाली तर वीस पोरं मी आणीन. त्यांना अर्धा दिवस टिकाव आणि अर्धा दिवस १६६०, असं करता येईल. वर्गात ते जेवढं सांगतो त्याहून जास्त तिथं डोक्यात शिरेल.

---

दादर_परळ
५ ऑगस्ट, रात्री ९:५५

पैसा आणि परवानगी, ह्या दोन गोष्टींवर कुणीच बोललेलं नाही. अमेरिकेत ती जमीन एकाच वनखात्याची असेल. आपल्याकडे शंभर पावलांवर मालक बदलतो.

---

वारणाकाठ
५ ऑगस्ट, रात्री १०:३०

बरोबर मुद्दा काढलात. तिथं बहुतेक जमीन सरकारी राष्ट्रीय वनांची आहे, सहा वनविभागांतनं वाट जाते. त्यामुळं फाउंडेशनला बोलणी करायला एकच खातं. आपल्याकडं थोडी वनखात्याची, थोडी गावची, थोडी लोकांच्या मालकीची. वनखात्याच्या हद्दीत दगड हलवायचा तरी परवानगी लागेल, आणि ती घेऊनच करायचं. खाजगी शेतातनं जाणाऱ्या वाटेला तर मालकाचाच शब्द.

पैशाचं म्हणाल तर तिथली एक रीत मला फार आवडली. सगळी वाट तुकड्यांत वाटून दिलेली आहे. एकेका तुकड्याला एक दत्तक घेणारा माणूस किंवा कुटुंब. ते हंगामाच्या सुरुवातीला जाऊन पडलेली झाडं कापतात, पाणी काढायच्या जागा मोकळ्या करतात, आणि आपल्यानं न होणारं काम लिहून कळवतात. मोठ्या कामाला मग आठवड्याची टोळी जाते. तुकडा छोटा असल्यामुळं माणूस घाबरत नाही. ९१२ किलोमीटर कुणाच्यानं होणार? पण एक तुकडा होतो. आपली तर सगळी मिळून दोन दिवसांची चाल. कोल्हापुरातले पंधरा-वीस ग्रुप दरवर्षी जातात, एकेकानं एक तुकडा घेतला तरी सगळी वाट भरली.

---

घाटमाथा_सायकल
५ ऑगस्ट, रात्री १०:४८

आमचा सायकल ग्रुप करपेवाडीच्या अलीकडचा एक तुकडा घेईल. चौघांना विचारून लिहितोय, उगाच नाही.

---

पांढरपाणीकडचा
६ ऑगस्ट, पहाटे ५:३५

नमस्कार. मी मूळचा तिकडचाच. आता शिरोली एमआयडीसीत कामाला हाय, रात्रपाळी करून आत्ता घरी आलोय. सगळा धागा वाचला. एक गोष्ट कुणाला ठाऊक नाही असं दिसतंय म्हणून लिहितो.

ही वाट पूर्वी अशी नव्हती ते काय माणसं कमी यायची म्हणून न्हवं. माझ्या आजाच्या टायमाला ह्याच वाटेनं सगळं चालायचं. बाजार, शाळा, सोयरीक, आजारी माणूस डालात घालून न्यायचं, सगळं. जनावरं तर रोजच. पाय आत्तापेक्षा कितीतरी जास्त पडायचे. पण रोहिणी नक्षत्र लागलं की पाऊस यायच्या आधी प्रत्येक वाडी आपापल्या हद्दीत वाटेवर चर काढायची. आडवा, तिरका, हातभर रुंद. घरटी एक माणूस. आजा पहार घेऊन जायचा आणि मी घमेलं धरायचो, तवा मी दुसरीत असंन. आजा सांगायचा, पाण्याला वाट दाव, न्हाईतर ते आपली घेतंय.

मग वाडीला डांबरी सडक आली. चांगलंच झालं, माझी आई बाळंतपणाला जीपनं गेली. पण पायवाटेची गरज संपली आणि चर काढायचं बंद पडलं. तवापासनं ती चढण खचायला लागली. वीस वर्षं तरी झाली असतील. तुमच्या पायांनी ती रुंद झाली, पण खोल पाण्यानं झाली.

म्हणजे ताई, ते आजोबा बाटली ओतून जे दाखवत होते ते आमच्या वाडीला ठाऊक होतं. जुनी माणसं अजून दोन-तीन हायत. चर कुठं कुठं होते ते ती जागेवर उभं राहून दाखवतील. नवीन शोधायची गरज न्हाई.

फक्त सुगीत येऊ नका. भात कापणी, मळणी झाली की माणूस मोकळा असतोय. आणि वाडीला आधी विचारा. वाटेचा तो भाग तीन घरांच्या शेतातनं जातोय, त्यातलं एक घर माझ्या चुलत्याचं.

---

वारणाकाठ
६ ऑगस्ट, सकाळी ६:१०

दादा, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. आजोबांचं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

मी याच रविवारी एकटीच येते, हातात काही न घेता. चुलत्यांना भेटायचं, आणि मला ज्या मावशींनी विचारलं त्यांच्याशीही बोलायचंय. जुन्या माणसांनी चर दाखवले तर त्या जागांवर फक्त चुन्याची खूण करू. जांभाकाका, तुम्हाला गुडघ्याचा त्रास नसेल तर बरोबर याल का? परवानगीचा अर्ज वाडीशी बोलणं झाल्यावरच लिहू. काम मळणीनंतर.

---

जांभा
६ ऑगस्ट, सकाळी ६:४०

येतो. पातळी मोजायची नळी आणतो, पारदर्शक, पाणी भरायची. गवंडी वापरतात ती.

---

गडवाट
६ ऑगस्ट, सकाळी ७:०५

पेव्हर नसतील तर मीही येतो. मळणीनंतरच्या कामाला दहा पोरं माझी.

---

पांढरपाणीकडचा
६ ऑगस्ट, सकाळी ७:१२

या. रविवारी माझी सुट्टी हाय, मी सडकेला थांबतो. चुलत्याला फोन करून सांगितलंय, जेवायला नाचणीची भाकरी आणि झुणका हाय. पहार आजाची अजून घरात हाय. टिकाव तेवढे कामाच्या दिवशी तुम्ही आणा, आमच्याकडं दोनच हायत.